व्हिसा संपला म्हणजे काय संपलं?

गटाच्या बैठकीत आपण कर्जाच्या हप्त्यांचं बोलतो, भाताचं बोलतो, सुनांचं तर बोलतोच. पण जानेवारीत आमच्या नेरळच्या एका गटाच्या बैठकीत विषय निघाला तो थेट अमेरिकेचा. कुणी काढला नव्हता, कुजबुजीतून निघाला. गटातल्या एक काकू पाणी प्यायला आत गेल्या, तेवढ्यात मागे दोघी-तिघी बोलल्या, “पोरगी डिसेंबरपासून घरीच आहे. व्हिसा संपला म्हणतात. हाकललं असणार.” काकूंनी ते आतून ऐकलं. बाहेर आल्या, बचतीचे पैसे ठेवले, वहीत सही केली आणि निघून गेल्या. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. लेक ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी म्हटलं, “मला समजावून सांग. मला समजलं तर मी बाकीच्यांना सांगेन.” माझं बी.ए. मराठीतलं, इंग्रजी बेताचं. तीन संध्याकाळी बसून तिनं मला सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. आज बोलते ते त्या वहीतलं. काकूंनी आणि लेकीनं परवानगी दिली आहे, फक्त नावं घेऊ नको म्हणाल्या. तर मी काकू आणि काकूंची लेक एवढंच म्हणणार आहे.

ही मुलगी आपल्या शाळेत शिकली, लोकल धरून कॉलेज केलं, मग पीएच.डी.साठी अमेरिकेला गेली. पीएच.डी. झाल्यावर तिथल्याच एका विद्यापीठात संशोधक म्हणून नोकरीला लागली. परदेशी माणसाला तिथे नोकरी करायची तर सरकारची परवानगी लागते. तिच्या परवानगीचं नाव एच-वन-बी. ही परवानगी माणूस स्वतः मागत नाही. नोकरी देणारा मागतो. आधी तिथल्या कामगार खात्याला लिहून द्यायचं, की या माणसाला आम्ही या कामाला, या गावी, एवढ्या पगारावर ठेवतो आहोत आणि दुसऱ्यांपेक्षा कमी पगार देत नाही. मग इमिग्रेशन खात्याकडे अर्ज. एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं मिळतात, एकूण साधारण ६. खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ८५,००० जागा असतात आणि अर्ज जास्त येतात म्हणून सोडत काढतात. विद्यापीठांना ती सोडत नाही, तेवढं एक सुख. पण विद्यापीठ सोडून कंपनीत जायचं म्हटलं, की बहुतेकांना सोडतीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. “व्हिसा संपला” हे दोन शब्द आपण ऐकतो आणि माणूस बेकायदा झाला असं धरतो. माझाही तोच समज होता. काकूंच्या लेकीनं मला माथेरानचं उदाहरण देऊन समजावलं, नेरळची मुलगी आहे शेवटी. दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांना पावती फाडून आत सोडतात ना? ती पावती आत शिरण्यापुरती. आत गेल्यावर लॉजमध्ये किती दिवस राहायचं, ते लॉजच्या वहीत लिहिलेलं असतं. पावती खिशात चुरगळली म्हणून लॉजवाला बाहेर काढत नाही. पण काही कामाला खाली नेरळला उतरलात आणि पुन्हा वर जायचं म्हटलं, तर नाक्यावर पुन्हा पावती. पासपोर्टवर चिकटवतात तो व्हिसा म्हणजे नाक्यावरची पावती. आत राहायची आणि काम करायची मुदत वेगळ्या कागदावर असते. त्याचं नाव आय-नाइन्टीफोर. तिथे राहायचा जो हक्क आहे त्याला ते लोक ‘स्टेटस’ म्हणतात. व्हॉट्सअॅपचं स्टेटस नव्हे, ते चोवीस तासांनी आपोआप जातं. हे जाऊ नये म्हणून माणूस रात्री झोपत नाही.

आमची ही मुलगी विद्यार्थी म्हणून गेली होती, तेव्हा पासपोर्टवर विद्यार्थ्याचा व्हिसा चिकटवला होता. नोकरी लागल्यावर विद्यापीठानं तिथल्या तिथेच तिचं स्टेटस बदलून घेतलं. १ सप्टेंबर २०२३ पासून ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतची मंजुरी आली. पण पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा काही उमटला नाही, कारण तो मिळतो देशाबाहेरच्या वकिलातीत. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ ती पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा नसताना तिथे राहिली, पगार घेतला, कर भरला, आणि सगळं शंभर टक्के कायदेशीर होतं. फक्त देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत जाताना नाक्यावर नवी पावती.

हे कळल्यावर मला २०२३ आठवलं. त्या वर्षी जूनमध्ये काकूंचे यजमान गेले. लेक आली नाही. मयताला नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. गावात काय काय बोललं गेलं ते मी इथे सांगत नाही, आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मीही त्यात होते. तोंडानं बोलले नाही, पण मनात म्हटलं, की एवढी शिकली आणि बापाला अग्नी देताना नाही. खरं काय होतं? स्टेटस बदलायचा अर्ज त्याच महिन्यात खात्याकडे पडून होता. तो अर्ज निकाली निघण्याआधी माणूस देशाबाहेर गेला, तर स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिली असं धरतात. मग बाहेर बसून वकिलातीतून व्हिसा काढायचा, तारीख मिळेल तेव्हा. नोकरी तोवर थांबली तर थांबली. तिनं वडिलांचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. चुलतभावानं फोन धरला होता आणि मध्येच रेंज गेली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा काकू चुलीपाशी होत्या, वळल्या नाहीत. दोन वर्षं मायलेकी या विषयावर बोलल्या नव्हत्या. आईला वाटायचं पोरीला यायचं नव्हतं, आणि पोरीला वाटायचं, कागदाचं कारण सांगितलं तर आईला ते बहाणाच वाटेल.

मग ती आत्ता का आली? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावाचं लग्न होतं. या वेळी तिनं सगळं नीट ठरवलं. पूर्वी काही जणांना मुलाखतीशिवाय, नुसते कागद टाकून व्हिसा मिळायचा. २ सप्टेंबर २०२५ पासून ती सवलत बहुतेकांची बंद झाली. म्हणून तिनं मुंबईच्या वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, २२ डिसेंबरची मुलाखतीची वेळ आधीच घेतली आणि १ डिसेंबरला उतरली. ३ डिसेंबरला तिकडच्या सरकारनं जाहीर केलं, की १५ तारखेपासून एच-वन-बीच्या अर्जदारांची आणि त्यांच्या घरच्यांची फेसबुक, इन्स्टाग्राम अशी खातीही तपासणार. खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा. तपासायला वेळ लागतो म्हणून रोजच्या मुलाखती कमी केल्या आणि आपल्या देशातल्या शेकडो लोकांच्या तारखा पुढे गेल्या. हळदीच्या दिवशी तिला ईमेल आला. २२ डिसेंबर गेली, मार्च आला. मग पुन्हा ईमेल, आता मे.

म्हणजे तिला हाकललं नाही. नोकरीही गेलेली नाही. मंजुरी ३१ ऑगस्टपर्यंत आहे. विद्यापीठानं आधी शिल्लक रजा दिली, आता बिनपगारी रजा चालू आहे. इथे बसून काम का करत नाही, असं मी विचारलं. प्रयोगशाळेतलं काम लॅपटॉपवर होत नाही, आणि दुसऱ्या देशात बसून पगार घ्यायचा म्हटलं की कर आणि विद्यापीठाचे नियम आड येतात. तिकडच्या खोलीचं भाडं मात्र दर महिन्याला जातं.

एक जीव टांगणीला लावणारी गोष्ट आहे, ती नीट ऐका. मागच्या सप्टेंबरमध्ये सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सगळ्यांच्या फोनवर मेसेज फिरले होते आठवतंय? एच-वन-बीला आता १ लाख डॉलर. आपल्या पैशात नव्वद लाखांच्या घरात. काही लोक म्हणे सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, की हे पैसे नव्या अर्जांना आहेत, जुन्या मंजुऱ्यांना नाहीत. पुढे आणखी स्पष्ट झालं, की माणूस देशात असताना मुदतवाढीचा अर्ज केला तर ते पैसे लागत नाहीत. माणूस बाहेर असेल, हातात चालू व्हिसा नसेल आणि नवा अर्ज करायची वेळ आली, तर लागतात. विद्यापीठांनाही यातून सरसकट सूट नाही. आता हिशोब मांडा. मे महिन्यात मुलाखत झाली, जूनमध्ये ती आत गेली, तर विद्यापीठ ३१ ऑगस्टच्या आत मुदतवाढीचा अर्ज करेल. मुदत संपण्याआधी अर्ज पोचला, तर उत्तराची वाट बघत २४० दिवस काम करता येतं. पण तारीख पुन्हा पुढे गेली आणि ऑगस्ट उलटला, तर एका संशोधकासाठी कोणतं विद्यापीठ नव्वद लाख मोजेल? म्हणून ती दिवसातून चार वेळा ईमेल उघडते. आपल्याला वाटतं पोरगी दिवसभर फोनमध्ये आहे.

तिथे राहूनही हे स्टेटस सांभाळावं लागतं, नुसतं मिळून भागत नाही. घर बदललं तर १० दिवसांत सरकारला कळवायचं. कामाचं गाव बदललं, पूर्ण वेळचं काम अर्धवेळ झालं, तर आधी विद्यापीठानं नवा अर्ज करायचा, मग बदल. पासपोर्टची मुदत कमी राहिली असेल तर सीमेवरचा अधिकारी पासपोर्ट संपतो त्याच तारखेपर्यंत राहायची परवानगी देऊ शकतो, ३ वर्षांची मंजुरी हातात असली तरी. म्हणून प्रत्येक वेळी आत गेल्यावर आय-नाइन्टीफोरवरची तारीख स्वतः बघायची. आपण पासबुकात नोंद बघतो तशी. आणि नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, स्टेटस बदलायचं, नाहीतर बॅगा भरायच्या. मुदतीआधी मालकानं काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकानं द्यायचा असतो, हे फार जणांना माहीत नसतं. विद्यापीठातली संशोधनाची नोकरी बहुतेकदा अनुदानावर चालते. अनुदान वर्षाचं, म्हणून नोकरीही वर्षाची. २०२५ साली तिकडे सरकारनं संशोधनाची बरीच अनुदानं थांबवली आणि अनेक विद्यापीठांनी भरती बंद केली. लांबून आपल्याला डॉलर दिसतात.

कायमचं राहायचं ग्रीन कार्ड का घेत नाही, असं काकूंच्या नणंदेनं विचारलं होतं. एका देशाच्या लोकांना वर्षाला ठरावीक वाट्यापेक्षा जास्त कार्डं देत नाहीत. आपल्या देशातले अर्ज इतके आहेत, की नोकरीवाल्यांच्या मोठ्या रांगांमध्ये आत्ता २०१३ सालच्या आसपासचे अर्ज निघताहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगायची म्हणूनच खरं तर हे भाषण घेतलं. एच-वन-बीवर माणूस फक्त त्याच मालकाचं काम करू शकतो, ज्याच्या नावावर मंजुरी आहे. दुसरी पै कमवायची नाही. शनिवार-रविवारी शिकवण्या नाहीत, डबे नाहीत, विक्री नाही. २०२४ च्या दिवाळीला आमच्या गटाचे नाचणीचे आणि उडदाचे पापड कुणाबरोबर तरी तिच्याकडे गेले. तिनं कौतुकानं पापडाचं पाकीट हातात धरून फोटो पाठवला. मी तिला म्हटलं, “तिथे तुझ्या ओळखीच्यांना विक ना, गटाला ऑर्डर मिळेल.” ती म्हणाली, “ताई, मला विकता येत नाही, नियम आहे.” मला राग आला. वाटलं, पापड विकायला लाज वाटते हिला. आणि मी काय केलं? गटाच्या फेसबुक पानावर तिचा फोटो टाकला, तिचं नाव जोडलं आणि वर लिहिलं, “आता आपले पापड अमेरिकेत विकले जाणार. आमची अमेरिकेची प्रतिनिधी.” कार्यक्रम अधिकाऱ्यांनी अंगठा दाखवला, मला बरं वाटलं.

डिसेंबरात खाती तपासणार म्हटल्यावर तिनं स्वतःचं खातं वर-खाली बघितलं आणि तिला ते सापडलं. त्या ओटीवर लॅपटॉप माझ्याकडे वळवून तिनं मला दाखवलं. काही बोलली नाही. एक पाकीट विकलं गेलेलं नाही, पण माझ्या हातानं मी लिहून ठेवलं होतं, की ही बाई तिथे धंदा करते. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पुसते. ती म्हणाली, थांब. तिनं विद्यापीठाच्या वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, घाईनं पुसापुशी करू नका. विचारलं तर खरं सांगा, की भेट आलेले पापड होते, विक्री झाली नाही, मजकूर गटाच्या बाईंनी उत्साहात लिहिला होता. मग मी त्याच पानावर खाली लिहिलं, की वरची माहिती चुकीची आहे, आमचा एकही पापड परदेशात विकलेला नाही आणि या ताई आमच्या प्रतिनिधी नाहीत. गटाच्या इतिवृत्तातही तसं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मुलाखतीत त्याचा प्रश्न येईल की नाही, कुणाला ठाऊक. मला मात्र रोज येतो.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मुली-सुना आज पुण्या-मुंबईहून पुढे निघाल्या आहेत. शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही. त्यांना अडवलं ते समाजानं. आता समाज पेढे वाटतो आणि कागद अडवतात. समाजानं अडवायचं अजून पुरतं सोडलेलं नाही, हे काकूंच्या घरी बसल्यावर कळतं.

स्थळं येतात तेव्हा तर फार डोळे उघडे ठेवा. मुलगा अमेरिकेत विद्यापीठात आहे, एवढं ऐकून आपण हुरळतो. विचारा, कोणत्या व्हिसावर आहे आणि मुदत कधीपर्यंत. एच-वन-बीवाल्याची बायको एच-फोरवर जाते. तिला राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा कागद एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल, तरच तिला कामाचा परवाना मागता येतो, तोही २०१५ सालापासून. घरी बसून दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळली, डबे दिले, तरी ते बिनपरवाना काम. विद्यापीठात बरेच जण जे-वन नावाच्या दुसऱ्याच व्हिसावर असतात. त्यातल्या काहींना आधी दोन वर्षं आपल्या देशात येऊन राहावं लागतं, त्याशिवाय एच-वन-बी मिळत नाही. हे लग्नाआधी विचारलं तर मुलाकडचे नाराज होतात, असं कुणी म्हणेल. होऊ देत. आणि मुलीला सांगा, पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स स्वतःच्या कपाटात, सासूच्या किंवा नवऱ्याच्या नाही.

काकूंच्या लेकीला सगळ्यात जास्त त्रास कशानं झाला माहीत आहे? नावानं. जन्माच्या नोंदीत नाव एक, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग दुसरं, आईचं नाव एका कागदावर लग्नानंतरचं आणि दुसऱ्यावर माहेरचं. तिकडचा अधिकारी म्हणतो, ही एकच बाई कशावरून? त्याला काय सांगणार, आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात आणि मग जुनं नाव हाक मारायलासुद्धा उरत नाही? १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, दुसरं काही चालणार नाही.

काकू परवा बैठकीला आल्या. लेकीला घेऊन आल्या. मी इथे सांगितलं तेच तिनं सगळ्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं. ज्या दोघी कुजबुजल्या होत्या त्यातली एक म्हणाली, “मग बापाच्या वेळीपण असंच होतं होय?” ती हो म्हणाली. काकू म्हणाल्या, “मला आधी सांगितलं असतंस तर मी भांडले असते गं लोकांशी.” मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नंतर हप्ते गोळा केले.

मे पर्यंत ती इथे आहे. विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के तिनं फाइलला लावून ठेवलेत, कारण देशाबाहेर घालवलेले हे दिवस त्या ६ वर्षांत धरू नका असं मागता येतं. तोवर दर मंगळवारी दुपारी ती आणि मी गटाच्या खोलीत बसतो. येताना मुलींचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि आधार कार्ड असं तिन्ही आणा. तिन्हीवरचं नाव आणि स्पेलिंग जुळतं का ते बघून देतो. दाखल्यावर बाळाचं नावच चढवलेलं नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज कसा करायचा तेही सांगते. लग्नाची नोंद राहिली असेल त्यांनीही या, आपल्याकडे ती ग्रामसेवकांकडे होते. लग्नाचे फोटो आणि पत्रिका आठवणीनं आणा.